बाराचा भार

शाई लावणाऱ्या मास्तरांनी हैबतरावाच्या डाव्या हाताचं पहिलं बोट धरलं आणि शाई लावायची सोडून ते त्या बोटाकडेच बघत बसले. बासष्ट सालचं मतदान, भुकूमच्या शाळेची खोली, बाहेर धोतरं-टोप्यांची रांग. मास्तर पुण्याचे, निवडणुकीच्या कामाला धाडलेले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ते बोट खिडकीकडे वळवलं आणि विचारलं, की या सहा रेघा कसल्या, भाजलंय की कापलंय? रांगेत कुणीतरी खुसखुसलं. हैबतरावानं तारेचं काम असतं म्हणून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. मास्तरांनी काडी बुडवली, गार लागेल म्हणाले, आणि नखाच्या मुळाशी जांभळी रेघ ओढली. गार लागलंच नाही. काहीच लागलं नाही. काडी फिरताना दिसत होती, बोट त्याचंच होतं, पण शेजारच्या माणसानं आपलं बोट टेबलावर विसरून जावं तसं ते परकं पडलं होतं. मत त्यानं दिलं. कुणाला दिलं ते शाळेच्या पायऱ्या उतरल्यावर त्याला आठवेना, आणि पुढं कितीदा तरी तो छातीठोकपणे सांगत असे, की आपण दिलेला माणूस निवडून आला.

शाळेपासून घर चार शेतं लांब. तेवढ्या वाटेत त्यानं बोटाच्या परीक्षा घेतल्या. बाभळीचा काटा टोचून बघितला. हरभऱ्याच्या घाट्यावरची आंबट दवासारखी आंब चोळून बघितली. बाकीच्या चार बोटांना चुरचुरली, पहिल्याला नाही. शेवटी इकडंतिकडं बघून त्यानं बोट तोंडात घातलं आणि दात रोवले. दाताला बोट लागलं, बोटाला दात लागला नाही. भ्यायला झालं, पण मोठ्यानं भ्यायची सोय नव्हती. घरी बायको, तुळजाबाई, होती, आणि तुळजाबाईला हे कळलं असतं तर तिनं देवाचे आभार मानले असते. गेले सहा महिने ती शेजारणींना सांगत होती, की आमच्या माळवदावर कुणाचं तरी पोट दुखतंय, रोज संध्याकाळी कण्हतंय. म्हशीचंही तिच्याकडं गाऱ्हाणं होतं. माळवदावर वाद्य घेऊन बसलेल्या हैबतरावाचा हात तारांवर नीट बसला तर म्हैस पान्हा सोडते आणि तारा घरघरल्या तर चोरते, असं ती सांगायची. आणि दूध बघता तारा बहुतेक घरघरतच असाव्यात.

शिवरात्र बारा दिवसांवर आली होती. हैबतरावाचं सगळं जे काय होतं ते त्या शिवरात्रीच्या दुपारी होतं. महादेवाच्या देवळातल्या भजनात पेटी वाजवायचा तो जयसिंग. त्याला पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो पेटीसकट गेला, कारण पेटी त्याच्या सासऱ्याची होती. बुवा कुशाबा. कुशाबाचा आवाज म्हणजे पेटीच्या काळी चारच्या सुरात सुरू होतो आणि मग माळावर सुटलेल्या खोंडासारखा वर वर चढत जातो. तिसऱ्या अभंगाला कुठं असेल ते कुशाबाला स्वतःलाही ठाऊक नसतं. त्याच्या मागं धावून धावून जयसिंगच्या पेटीचा भाता दोनदा फाटला. पेटी गेल्यावर मंडळी म्हणाली, टाळ-पखवाज आहेत की, पुरे. आणि तेव्हा देवळातल्या तिसऱ्या खांबाला टेकून बसलेला हैबतराव बोलून गेला, की आपण साथ करू. खांबाला टेकून तो बत्तीस वर्षं बसला होता. पंधरा वर्षांचा असताना एकदा टाळकऱ्यांत उभा राहिला होता. टाळ सारखा मागं पडायचा, गळा तर असा की घशात कोंडा अडकलाय. तेव्हा कुशाबानं, त्याच्याच वयाच्या कुशाबानं, गाणं न थांबवता त्याच्या हातातून टाळ अलगद काढून घेतले आणि पलीकडच्याला दिले. ओढून घेतले असते तर भांडता आलं असतं. अलगद घेतले, म्हणून ते हातातून अजून जात होते. कुशाबा आता बुवा झाला होता. तो ते लाकडी भोपळ्यासारखं वाद्य बघून म्हणाला, "ह्येला साच तारा? माजा आवाज मावल का त्येच्यात?" मग म्हणाला, "शिवरातीला दुपारी बस. शेवटापत्तुर माझ्यासंगं ऱ्हायलास तर जागा तुजी. मधीच सुटलास तर पुन्यांदा इचारू नगं."

ते वाद्य, म्हणजे गिटार, भुकूमला कसं आलं याच्या तीन कहाण्या गावात होत्या. एकीत ते एका गोऱ्या साहेबानं तळ्याकाठच्या बंगल्यात टाकलं होतं, दुसरीत ते पुरात वाहून आलं होतं, तिसरीत ते हैबतरावानं कुस्तीत जिंकलं होतं. आणि तिन्ही कहाण्या हैबतरावानंच सोडलेल्या होत्या. खरी गोष्ट साधी होती. हैबतराव रोज सकाळच्या एस.टी.नं पुण्याला जायचा. भवानी पेठेत एका तांदळाच्या वखारीत तो तोलाईचं काम करायचा. पोतं नुसतं कलतं केलं की आत किती आहे ते सांगायचा, मग काटा फक्त साक्षीला. तिथं लष्करातून, म्हणजे पुण्याच्या कॅम्पातून, इनास मास्तर यायचा. गोव्याचा किरिस्ताव, लग्नाच्या बँडात वाजवणारा, मुळशीच्या आंबेमोहरावर जीव टाकणारा. तो भाताला बात म्हणायचा, भाजीला बाजी, भावाला बाव. हैबतरावानं पहिल्या महिन्यातच हे ओळखलं होतं: या माणसाच्या तोंडात भ नाही, जिथं तो ब म्हणतो तिथं आपण भ धरायचा, की मराठी सरळ होते. एकदा तांदूळ तोलला जाईपर्यंत इनास पोत्यावर बसला आणि त्यानं पाठीवरचं वाद्य काढून छेडलं. हैबतरावाच्या हातातला काटा अर्ध्यात राहिला. एक माणूस हात एका जागी ठेवून सहा आवाज एकदम काढत होता आणि त्यातला एकही मागं पडत नव्हता. ठरलं ते असं, की आंबेमोहर हैबतराव घरचा आणणार आणि इनास शनिवारी दुपारी शिकवणार. इनासनं मानेला चीर गेलेलं एक जुनं गिटार दिलं. ते किंतानात गुंडाळून एस.टी.त आणताना कंडक्टरनं दबक्या आवाजात विचारलं, की मयत हाय का? लेकरू हाय का? हैबतराव म्हणाला, "अजून जल्मायचं हाय." भुगावपर्यंत सगळी गाडी गप्प होती.

मोकळ्या कॉर्डी, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे जुडगे, तीन महिन्यांत आल्या. पण त्या आपापल्या जागी रोवलेल्या. कुशाबाचा आवाज चढला की त्या खालीच उभ्या राहून बघणार. तेव्हा इनासनं दुसरी तऱ्हा दाखवली. पहिलं बोट सहाच्या सहा तारांवर आडवं टाकायचं, त्याच्यापुढं उरलेल्या तीन बोटांचा एक आकार धरायचा, आणि मग आख्खा हात मानेवर वरखाली न्यायचा. आकार तोच, सूर बदलत जातो. आकार दोन. एकात घरचा सूर, दुसऱ्यात शेजारचा, आणि गाणं म्हणजे या घरातून त्या घरात जायचं नि यायचं. "ह्याला म्हणतात बार कॉर्ड," इनास म्हणाला, "बोटान बार घाल." हैबतरावानं मनातल्या मनात ब काढला आणि भ घातला. भार कॉर्ड. भार घाल. एवढं सोपं त्याला आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं. भार ही तर त्याची ओळखीची वस्तू. अकरा वर्षांचा असताना, धरणाचं पाणी वर चढू लागलं तेव्हा, डोक्यावर पाट्याचा वरवंटा घेऊन तो मुळशीच्या खोऱ्यातून बाहेर आला होता. वरवंटाच का, तर सगळ्यात जड वस्तू आपण उचलली असं पुढं सांगता यावं म्हणून. मग शेतात भारे, मग वखारीत पोती. दाबलं की वस्तू जागेवर राहते, एवढं आयुष्यानं त्याला शिकवलं होतं. त्यानं बोट दाबलं. अंगठा मागून दाबला. खांदा दाबला, दात दाबले, एकदा तर डोळे मिटून श्वासही दाबला. तारा बोटात रुतल्या, घळ्या पडल्या, रात्री जेवताना बोट ताटात वाकेना. पहिली कॉर्ड कधीमधी वाजायची. पण तिथून दुसरीवर जायचं तर आधी सगळा भार उचलायचा, मग नव्या जागी सगळा उतरवायचा, तोवर मनातला कुशाबा ओळ संपवून पुढं गेलेला. पोतं टाकून दुसरं पोतं घेण्यासारखं होतं ते. आणि पोती अशी की संपत नव्हती. जमत नाही तेव्हा हैबतरावाला एकच कळायचं: भार कमी पडतोय.

आणि आता बोट मेलं होतं. मतदानानंतरच्या शनिवारी एस.टी.त उभा असताना डोक्यावरच्या दांडीला त्याची पाच बोटं होती आणि दांडी फक्त चारांना लागत होती. त्याला वाटलं, हे असंच सरकत हातभर जाईल. वखारीत तांदळाचे दाणे चिमटीत धरून बघायची त्याची सवय. आंबेमोहर डोळे मिटूनही चिमटीला कळायचा. त्या सकाळी चिमटीला नुसता अंगठाच होता. त्याला एक चमत्कारिक विचार आला, की बत्तीस वर्षांपूर्वी हातातून टाळ अलगद गेले, तसं या वेळी देवच बोट अलगद काढून घेतोय. खांबाला टेकून बसायला बोट लागत नाही. या विचारात एक वाईट सुख होतं, आणि ते त्याला थोडं आवडलंही. मग स्वतःचीच लाज वाटली आणि दुपार झाल्याबरोबर तो लष्कराची वाट चालू लागला.

इनास अंगणात बसून दाढी करत होता. त्यानं अर्ध्या फेसातच बोट हातात घेतलं, सहा घळ्या बघितल्या, जांभळी शाई बघितली, आणि विचारलं, की हे कुणी केलं. सरकारनं फक्त शाई लावली, हैबतराव म्हणाला, बाकीचं तुम्हीच सांगितलंत.

"आपण काय सांगितलं?"

"भार घाल म्हनलात. सा म्हैनं घालतुया."

"भार?" इनासनं पहिल्यांदाच तो भ उच्चारला, अगदी लख्ख, आणि वस्तरा खाली ठेवला. "बार रे बाबा. बार. दार आतून बंद करताना आडवं लाकूड घालतात, तो बार."

"तुमी भाताला बात म्हनता," हैबतराव म्हणाला.

"ते बरोबर. मी बात बरोबरच म्हणतो. तू बार का सुधारतोस?"

मग इनास हसायला लागला. फेस उडाला, घरातून त्याची बायको बाहेर आली, तिला कोंकणीत सगळं सांगितल्यावर तीही हसली, आणि तिनं हैबतरावाच्या ताटलीत केकचा एक तुकडा जास्त ठेवला, आजाऱ्याला ठेवावा तसा. हैबतराव हसला नाही. त्याच्या आत कसली तरी वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली जात होती. इनासनं त्याला आठवडाभर गिटारला हात लावू नको म्हणून बजावलं, आणि मग नुसत्या हवेतच दाखवलं: बोट पालथं दाबायचं नाही, किंचित कुशीवर निजवायचं, हाडाची कड तारांवर येते, अंगठ्यानं मागून चिमटायचं नाही, तो नुसता टेकून ठेवायचा, कोपर सैल सोडलं की हात आपल्या वजनानं मागं येतो, तेवढ्यानं पुरतं. "आडवं लाकूड दाराला दाबतं काय?" तो म्हणाला. "पडून राहातं."

परतीच्या गाडीत त्याला खिडकी मिळाली. चांदणी चौकाची चढण गाडी कण्हत चढत होती, आणि हैबतरावाला कितीतरी वर्षांत न आठवलेला त्यांच्या घराचा अडसर आठवला. गाव पाण्याखाली जाताना लोकांनी दारं, तुळया, जातं, असं काय काय आणलं. त्याच्या बापानं दार सोडलं आणि दाराच्या आतला अडसर तेवढा खांद्यावर टाकून आणला. सागाचा, हाताला गुळगुळीत. भुकूमला नवं घर बांधताना तो वीतभर लांब पडला. सुतार म्हणाला, कापू. बाप म्हणाला, अडसर कापायचा न्हाई, दार वाढव. दार वाढलं म्हणून भिंत सरकली, भिंत सरकली म्हणून जोतं वाढलं, आणि एका लाकडासाठी आख्खं घर दोन हात रुंद झालं. म्हैस वळून बाहेर येते असं दार साऱ्या गावात त्यांचंच. पण हैबतरावाला गाडीत दिसत होता तो आईचा हात. रात्री ती अडसर सरकवायची ती दोन बोटांनी, बोलता बोलता, कडेवर धाकटा भाऊ असायचा. भिंतीतल्या खोबणीतून ते लाकूड यायचं आणि आपल्या जागी पडायचं, आणि पडल्यावर बाहेरून रेडा जरी धडकला तरी दार हलायचं नाही. सकाळी तितक्याच हलक्या बोटांनी ती ते परत खोबणीत सारायची. तिनं कधी अडसर दाबला होता? दार धरून ठेवायला ती रात्रभर उभी राहिली होती? आपण सहा महिने काय केलं, तर दाराला पाठ लावून उभे राहिलो. नुसतं गिटारच्याच दाराला नाही, असंही त्याला वाटलं. पण तो विचार त्यानं फार ओढला नाही. गाडी चौक ओलांडून उताराला लागली होती, पुढं खालची शेतं संध्याकाळी दिसतात तशी दिसत होती, आणि अडचणीत पडलेल्या माणसाला शोभणार नाही इतकं त्याला बरं वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप धरताना पहिल्या बोटाला चटका बसला. त्यानं कप खाली ठेवला नाही. तुळजाबाई बघत होती, ती म्हणाली, "भाजतंय तर ठिवा की खाली." तो म्हणाला, भाजू दे. तिनं कपाळाला हात लावला. आठवडा भरल्यावर तो माळवदावर गेला आणि बोट तारांवर नुसतं निजवलं. अर्ध्या तारा बोलल्या, अर्ध्या मुक्या. पूर्वीचा हैबतराव असता तर भार घातला असता. या हैबतरावानं बोट केसभर कुशीवर वळवलं, आणि एक तार जागी झाली. कोपर सोडलं, आणखी एक झाली. मग त्यानं घरच्या सुरावरून शेजारच्या सुरावर जायचं ठरवलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आडवं बोट उचलायचंच नाही. ते असतं तिथंच असतं, पुढची तीन बोटंच काय ती या घरातून त्या घरात जातात. आणि पडदा, म्हणजे मानेवरची आडवी पट्टी, बदलायचा तेव्हा आकार तोच ठेवून बोटं तारांवरून तरंगत न्यायची, अडसर खोबणीतून यावा तशी. एकदा जमलं, चारदा चुकलं, मग दोनदा जमलं. खाली म्हशीनं काय केलं ते ठाऊक नाही, पण तुळजाबाई जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज कन्हत न्हाई त्यो." कोण, म्हणून त्यानं विचारलं. "त्यो वरचा," ती म्हणाली आणि खाली गेली.

शिवरात्रीच्या दुपारी देवळात गर्दी होती. हैबतराव पहिल्यांदाच खांब सोडून सतरंजीवर बसला, कुशाबाच्या डाव्या अंगाला. पाठीला टेकायला काही नव्हतं आणि ती जागा उघडी पडल्यासारखी गार लागत होती. पखवाजावर कोंडाजी होता. त्यानं त्या वाद्याकडं बघून आपल्या पखवाजाची कणीक लावलेली बाजू जरा लांब सरकवली. कुशाबानं काळी चारला आरंभ केला, चौथ्या पडद्यावर हैबतरावाचा अडसर पडला, आणि घर-शेजार, घर-शेजार सुरू झालं. पहिल्या अभंगाला त्याला काहीच ऐकू आलं नाही, फक्त आपलं बोट ऐकू येत होतं. दुसऱ्याला कुशाबा चढला. अर्धा सूर, मग आख्खा. हैबतराव मागोमाग पाचव्यावर, सहाव्यावर. आकार तोच, हात नुसता सरकत होता, आणि एक गंमत त्याला कळली: टाळकऱ्यांत असताना तो मागं पडायचा तो गाण्याला धरून ठेवायचा म्हणून. आता धरायला काही नव्हतं. तिसऱ्या अभंगाला कुशाबानं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, आणि हैबतरावानं ते बघणं ओळखलं; खोंड आता स्वतःच सुटलं नव्हतं, कुशाबा त्याला सोडत होता. सातवा पडदा. आठवा. लोक टाळ्या पिटत होते, टाळांचा नुसता गदारोळ, कुशाबाच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. आणि त्यानंतरच्या गौळणीच्या शेवटच्या कडव्यात, वर जागाच संपली तेव्हा, कुशाबानं आवाज सोडून दिला आणि एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना थेट मूळ काळी चारवर येऊन उतरला.

आठव्यावरून चौथ्यावर. एक मात्रा. सरकत जायला वेळ नव्हता. हैबतरावानं हात उचलला. त्या एका मात्रेत त्याच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. ना तार, ना मान, ना टाळ, ना पोतं. डोक्यावरचा वरवंटा उतरवल्यावर मान आपोआप वर जाते तसं त्याला झालं, आणि तो तिथं हवेत थोडा जास्त थांबला असता तरी त्याची तक्रार नव्हती. मग हात आपल्या वजनानं खाली आला आणि चौथ्या पडद्यावर पडला. पाच तारा बोलल्या. एक मुकी राहिली. हैबतरावाला ती मुकी तार देवळाच्या घंटेएवढी मोठ्यानं ऐकू आली. पण तोवर पुढची मात्रा आली होती, त्यानं बोट केसभर वळवलं, आणि गौळण संपेपर्यंत सहाही तारा कुशाबाच्या संगं होत्या.

आरती झाली, खजूर आणि शेंगदाणे वाटले गेले, माणसं उठली. हैबतराव गिटार किंतानात गुंडाळत होता. वर बघायचं धाडस होत नव्हतं. कुशाबा उपरण्यानं मान पुसत आला आणि त्याच्या शेजारीच, सतरंजीवर, गुडघे धरून बसला. तो खजुराची बी तोंडात घोळवत होता.

"उतरताना तुजी एक तार मुकी गेली," तो म्हणाला.

"गेली."

"तेवडी म्या गळ्यानं भरली. कुनाला कळलं न्हाई." त्यानं बी हातावर काढली आणि देवळाबाहेर भिरकावली. "रामनवमीला तुजी तू भर."